उंब्रजकरांची सत्यप्रत

मंगळवार, ७ जुलै १९८७. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या वैशंपायनांच्या दारासमोरच्या टपालपेटीत एक जाड करडं पाकीट पडलं. पाकीट पश्चिम जर्मनीहून आलं होतं. त्यात पद्मिनीच्या अर्जाबरोबर मे महिन्यात गेलेल्या सात झेरॉक्स प्रती होत्या, सातच्या सात, आणि वर टाचणीनं लावलेलं एक पानी पत्र.

पाकीट घरात आणलं ते श्रीरंग उंब्रजकरांनी. ते पद्मिनीचे मामा. बहिणीकडे, सुलभाकडे, उन्हाळ्यापुरते आले होते. पत्नी सुहासिनी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला थांबली होती, म्हणून एकटेच. अमेरिकेत आल्यापासून टपाल आणणं हे एकच काम त्यांना कुणी न सांगता मिळालं होतं आणि नऊ आठवड्यांत त्यांनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. दहा पस्तीसला ते पायात चपला सरकवून खिडकीशी उभे राहत. पोस्टमनची गाडी वळली की निघत.

पद्मिनी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होती. तिनं सुरी तशीच हातात ठेवून पत्र वाचलं. वर जर्मन मजकूर होता, खाली इंग्रजी सारांश.

"मामा, दे रिजेक्टेड इट."

"तुला?"

"मला नाही. तुम्हाला."

उंब्रजकरांनी चष्मा लावला, पत्र घेतलं आणि सारांश दोनदा वाचला. प्रती साक्षांकित करणाऱ्या गृहस्थांना अमेरिकेत तसा अधिकार असल्याचं दिसून येत नाही. प्रतींवर गोल शासकीय मोहोर नाही. सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेल्या प्रती १५ जुलैपर्यंत या कार्यालयात न पोचल्यास अर्जाचा विचार केला जाणार नाही.

"अगदी बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.

"मामा!"

"अगं, हे पत्र मी लिहिलं असतं तरी याहून वेगळं लिहिलं नसतं. एक शब्द जास्तीचा नाही बघ."

आणि मग ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि सारांश तिसऱ्यांदा वाचू लागले.

झालं होतं ते असं. पद्मिनी जन्मानं नेपरव्हिलची, वय बावीस. जीवशास्त्रात पदवी घेऊन ती मे महिन्यात घरी परतली होती आणि तिला मधमाश्यांवर काम करायचं होतं. मधमाशी आलेली वाट लक्षात कशी ठेवते, एवढ्याच एका प्रश्नावर एक अख्खी संस्था चालवणारं विद्यापीठ जर्मनीत आहे, हे तिनं ग्रंथालयात शोधून काढलं. विद्यापीठ अवाढव्य होतं. चाळीस हजार विद्यार्थी, साऱ्या गावभर पसरलेल्या इमारती, कुठल्याशा राजानं दिलेला जुना वाडा म्हणजे गणित विभाग. संस्थेच्या प्राध्यापकांना तिनं पत्र टाकलं. त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं, जरूर या म्हणाले. फक्त परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात रीतसर अर्ज करा, एवढंच.

तिचे वडील प्रल्हाद एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत इंजिनियर. मुलीनं डॉक्टर व्हावं असं त्यांना ती पहिलीत असल्यापासून वाटत होतं. जर्मन विद्यापीठ शिकवण्याची फी घेत नाही हे कळल्यावर तर त्यांचा विश्वासच उडाला. "फी नाही? मग शिकवत काय असतील?" बरीच घासाघीस होऊन बापलेकीत तह झाला. ३१ जुलैपर्यंत जर्मनीहून प्रवेशाचं पक्कं पत्र आलं तर पद्मिनी ऑक्टोबरात खुशाल जाईल. नाही आलं तर ती निमूटपणे मेडिकलच्या परीक्षेला बसेल आणि मधमाश्यांचं नाव काढणार नाही. दोघांनी हस्तांदोलन केलं. उंब्रजकर साक्षीला होते.

अर्ज करायची वेळ आली तेव्हा प्राध्यापकांच्या पत्रानं पद्मिनी अगदी निर्धास्त होती. उंब्रजकरांनीच तिला भानावर आणलं.

"प्राध्यापक हो म्हणाले ना? मग अजून काहीच झालेलं नाही. कार्यालय हो म्हणालं का?"

कार्यालयाला सगळ्या कागदांच्या अधिकृतपणे प्रमाणित केलेल्या प्रती हव्या होत्या. पद्मिनी बँकेतल्या नोटरीकडे गेली. नोटरी म्हणाला, इलिनॉयमध्ये मी तुझ्या सहीची साक्ष देऊ शकतो, झेरॉक्सची नाही. ती हात हलवत परत आली. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी प्रल्हाद म्हणाले ते शब्द असे: "अरे, मग अडलंय कुठे? घरात गॅझेटेड ऑफिसर बसलाय!"

आता ज्यानं महाराष्ट्रात शाळा-कॉलेज केलंय त्याला या वाक्यात काही खटकणार नाही. मार्कशीटची झेरॉक्स काढायची, गॅझेटेड ऑफिसर गाठायचा, 'सत्यप्रत' असा शिक्का मारून घ्यायचा. प्रल्हाद स्वतः एकोणीसशे त्रेसष्टमध्ये तसाच कागदांचा गठ्ठा घेऊन अमेरिकेत आले होते. आणि उंब्रजकर तर साताऱ्याला उपशिक्षणाधिकारी होते. प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. मूळ कागद पाहिल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत एकाही प्रतीवर सही केली नव्हती, आमदारांच्या पुतण्याच्यासुद्धा नाही.

कार्यालयाची गोल मोहोर निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पोच घेऊन जमा केली होती. पण नाव आणि हुद्दा असलेला लांबट शिक्का त्यांनी स्वतः करून घेतलेला होता. तो ब्रीफकेसच्या आतल्या कप्प्यात साताऱ्याहून पुण्याला, पुण्याहून मुंबईला आणि मुंबईहून शिकागोला आला. का आणला, असं सुलभानं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "असू दे. काय खातोय?"

त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी त्यांनी टेबल पुसून घेतलं होतं. पट्टी मागवली, भिंग मागवलं. मूळ कागद डावीकडे, प्रत उजवीकडे, ओळीखाली पट्टी, असे ते दीड तास बसले. एका झेरॉक्सची शेवटची ओळ अर्धी कापली गेली होती, ती त्यांनी परत काढायला लावली. पदवीच्या प्रतीवर तर दोन ओळींचा इंग्रजी शेराही लिहिला. प्रत्येक कागदावर शिक्का मारून फुंकर घातली. सुलभा नंतर नवऱ्याला म्हणाली, दादाचा चेहरा इतका खुललेला मी विमानतळावरही पाहिला नव्हता.

निवृत्त अधिकाऱ्याला साक्षांकन करता येत नाही, हा नियम उंब्रजकरांना ठाऊक नव्हता असं नाही. त्यांना तो परिपत्रकाच्या क्रमांकासकट पाठ होता.

मंगळवारी दुपारी त्यांनी पहिलं काम केलं ते फोनचं. तीनच दिवसांपूर्वी, चार जुलैच्या सहलीत, मराठी मंडळींत बातमी फुटली होती की वैशंपायनांकडे गॅझेटेड ऑफिसर आलेत. कणसं भाजणं चालू असतानाच दोघांनी कागद पुढे केले होते आणि उंब्रजकरांनी तिथेच, बाकावर, कोकच्या डब्याशेजारी स्टॅम्पपॅड उघडलं होतं. त्यातल्या नीलाकाकूंनी आपले कागद अजून पाठवले नव्हते, त्यांचं लगेच निभावलं. दुसरा विक्रम, नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजातून आलेला, शिकागोत एम.एस. करणारा.

"विक्रम, माझी सही रद्द समज. मी निवृत्त आहे."

"काका, पण मी तर कागद सोमवारीच पोस्ट केले. नागपूरला."

"मग त्यांना कळव की..."

"काका, नागपूरला चालतं यार. सॉरी, यार नाही. पण चालतं."

"तिथे चालतं म्हणूनच तर इथे फसलो," उंब्रजकर म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी सगळे जमल्यावर पत्र टेबलावर फिरलं. सुलभा एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करी. ती पांढऱ्या कोटासकटच टेबलाशी बसली होती.

"दादा, तुला माहीत होतं चालत नाही म्हणून?"

"होतं."

"आणि तरी ठोकलेस सात शिक्के?"

"प्रल्हादराव म्हणाले..."

"प्रल्हाद म्हणाला उडी मार, तर मारशील? नियमावर बोट ठेवून आयुष्य काढलंस. माझ्या लग्नात भटजींना मुहूर्ताचा लेखी आधार मागितला होतास! आणि नेमकं माझ्या पोरीच्या वेळेला..."

प्रल्हाद मान खाली घालून वरणात भात कालवत होते. त्यांना हसू येत होतं ते लपत नव्हतं. पद्मिनीनं ते पाहिलं.

"बाबा, यू आर एन्जॉयिंग धिस."

"अजिबात नाही. मी फक्त म्हणतोय, आज सात तारीख. पंधराला तिकडे पोचायला पाहिजे. मेडिकलच्या परीक्षेची पुस्तकं माझ्या ऑफिसातल्या राजीवकडे आहेत, एवढंच मी म्हणतोय."

"शिकागोमध्ये जर्मन वकिलात आहे," पद्मिनी म्हणाली. "मी फोन केला. उद्या नऊ ते बारा उघडी आहे. ओरिजिनल्स घेऊन या म्हणाले. मी ट्रेननं जाणार."

"मी येतो," उंब्रजकर म्हणाले.

"मामा, तुम्ही रिलॅक्स करा ना."

"पद्मे, ज्याच्या सहीनं घोटाळा झाला त्यानं समक्ष हजर राहायचं असतं. हा नियम आहे."

"कुठला नियम?"

"आहे," उंब्रजकर म्हणाले.

बुधवारी सकाळी आठ सोळाच्या गाडीनं ते निघाले. दुमजली डब्यात वरच्या बाजूला एकेकट्या खुर्च्यांची रांग होती. उंब्रजकर वर चढले आणि ब्रीफकेस मांडीवर ठेवून बसले. पद्मिनी पुढच्या खुर्चीवर मागे वळून बसली. बाहेर हिरवळी, गराज, गराजवरची बास्केटबॉलची कडी, परत हिरवळी.

"एवढ्या लांब कशाला जातेस ग?" त्यांनी विचारलं. "मधमाश्या इथेही आहेत. परवा सहलीत कणसांवर बसल्या होत्या."

"त्या येलोजॅकेट्स होत्या, मामा. गांधीलमाशा." ती हसली. "तिकडे एक रूम आहे. आतमध्ये बारा महिने समर ठेवतात. बाहेर स्नो, आणि आत माश्या उडतायत. त्यांना वाटतं, जूनच चालू आहे. प्रोफेसरांनी लिहिलं होतं."

"बरं. आणि?"

"आणि..." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "इथे मला सगळे विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम? मी म्हणते नेपरव्हिल. मग म्हणतात, नो, रिअली. तिकडे गेले की मी अमेरिकन. ॲक्सेंट ऐकूनच. आय काइंड ऑफ वॉन्ट टू सी दॅट."

उंब्रजकरांना यातलं अर्धं कळलं, पण मुलीला खरंच जायचं आहे, एवढं पुरतं कळलं. त्यांनी ब्रीफकेसवरचे हात घट्ट केले.

वकिलात तळ्याच्या बाजूच्या एका उंच इमारतीत होती. नऊ पन्नासला त्यांचा क्रमांक लागला. काचेपलीकडे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, चष्म्याला साखळी, टेबलावर कागदांशिवाय काही नाही. नावाची पाटी होती, क्रेमर. बोलणं इंग्रजीत झालं.

पद्मिनीनं सगळं सांगितलं. क्रेमरबाईंनी मूळ कागद आणि नव्या झेरॉक्स घेतल्या, खणातून पट्टी काढली आणि मूळ कागद डावीकडे, प्रत उजवीकडे ठेवून पहिल्या ओळीखाली पट्टी धरली.

उंब्रजकर काचेच्या अगदी जवळ सरकले. "पद्मे," ते हळूच म्हणाले, "ही बाई खरी."

"मामा, श्श."

गुणपत्रिकेची चार पानं झाली. शाळेचा दाखला झाला. जर्मन भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र झालं. प्रत्येकावर बाई टंकलेखन यंत्रावर दोन ओळी टाइप करत, सही करत आणि गोल मोहोर उठवत. मोहोरेवर गरुड होता. उंब्रजकरांनी तिचा काठ पाहिला. कुठेही शाई फुटली नव्हती. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी सातवा कागद पुढे आला. पद्मिनीचं पदवीपत्र.

बाईंचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढून मूळ कागद डोळ्यांजवळ नेला, मग उजेडात तिरका धरला.

"मोहोरेवर हे काय आहे?"

पदवीपत्राच्या उजव्या कोपऱ्यात, विद्यापीठाच्या उठावदार मोहोरेला लागून, वाटाण्याएवढा लाल ठिपका होता. झेरॉक्समध्ये तो काळा आला होता.

पद्मिनीनं डोळे मिटले. "माय मॉम," ती म्हणाली.

पदवीपत्र घरी आलं त्या दिवशी सुलभानं ते देवापुढे ठेवलं होतं. निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि हळदीकुंकू वाहिलं. वैशंपायनांकडे नव्या कागदाला, नव्या गाडीला आणि नव्या मिक्सरला सारखाच मान होता. गाडीच्या बॉनेटवरचं कुंकू पहिल्या पावसात धुतलं गेलं, मिक्सरचं पुसलं गेलं. कागदाचं राहिलं.

"हा कागद खाडाखोड केलेला असू शकतो," क्रेमरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसती नोंद होती. "मोहोरेवर डाग असेल तर मला विद्यापीठाकडून दुसरं पदवीपत्र मागवायला सांगावं लागेल."

"त्याला किती दिवस लागतात?" पद्मिनीनं विचारलं.

"तुमच्या विद्यापीठाला ठाऊक."

तिच्या विद्यापीठाला सहा आठवडे लागत, हे पद्मिनीला माहीत होतं. ती हातातल्या पेनाच्या टोपणाची टिकटिक करत राहिली.

मग उंब्रजकरांनी ब्रीफकेस उघडली. आदल्या दिवशी परत आलेल्या सात प्रती त्यांनी काचेखालच्या फटीतून आत सरकवल्या आणि साहेबापुढे उभं राहावं तसे ते उभे राहिले.

"मॅडम, सातव्या प्रतीवरचा शेरा पाहावा. शेरा माझा आहे. मी ३० सप्टेंबर शहाऐंशीला निवृत्त झालो. त्यामुळे या सह्यांना किंमत नाही, त्या ग्राह्य धरू नयेत. फक्त शेरा वाचावा."

बाईंनी आधी शिक्का वाचला. मग सही. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"निवृत्त झालात, तर तुम्ही हे करायला नको होतं."

"नको होतं."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग का केलंत?"

उंब्रजकरांनी खोटं कारण शोधलं नाही. "आठ महिन्यांत कुणी सही मागितली नव्हती," ते म्हणाले.

क्रेमरबाईंनी सातवी प्रत जवळ ओढली. त्यांनी शेरा वाचायला घेतला. मे महिन्यात उंब्रजकरांनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: मूळ पदवीपत्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मोहोरेला लागून एक लाल ठिपका आहे. तो कुंकवाचा असून घरातील पूजेत लावलेला आहे. त्याखाली एकही अक्षर, अंक वा सही झाकली गेलेली नाही, हे मी भिंगातून पाहिले आहे.

"भिंग होतं?" बाईंनी विचारलं.

"दहा पट."

बाईंनी खणातून आपलं भिंग काढलं. मोहोर पाहिली, ठिपका पाहिला, कागद उलटा करून मागून पाहिला. पाच मिनिटं गेली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ खाकरला, त्याच्याकडे बाईंनी नुसतं पाहिलं आणि तो खाकरायचा थांबला.

"प्रत मूळ कागदासारखी आहे, ठिपक्यासकट, एवढं मी लिहू शकते," शेवटी त्या म्हणाल्या. "ठिपका असलेला मूळ कागद विद्यापीठाला चालेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. तो अधिकार माझा नाही."

"अर्थातच," उंब्रजकर म्हणाले. "तो तुमचा नाहीच."

बाईंनी यंत्रात कागद घातला आणि जर्मनमध्ये तीन ओळी टाइप केल्या. मग गरुडाची मोहोर उठवली. "कुंकवाचं स्पेलिंग तुमचंच ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला शब्द नाही." सगळे कागद परत देताना त्यांनी जुन्या सात प्रतीही परत दिल्या आणि बोट वर केलं. "आणि तो शिक्का आता वापरायचा नाही."

"नाही वापरणार."

बाहेर पायरीवर येईपर्यंत पद्मिनी गंभीर होती. पायरीवर तिला हसू फुटलं ते थांबेना. "मामा, शी लाइक्ड यू!"

"काहीतरीच काय. ती कामाची बाई आहे." पण उंब्रजकरांनी खिशातून कंगवा काढून केस नीट केले.

दुपारी एक वाजता पाकीट कुरिअरच्या ऑफिसात दिलं. खिडकीतल्या माणसानं सोमवार किंवा मंगळवार सांगितला.

संध्याकाळी घरी हकीकत सांगून होईपर्यंत सुलभाचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे आता अडलं तर माझ्या कुंकवामुळे?"

"मी काही म्हणालो का?" उंब्रजकर म्हणाले.

"म्हणू नकोस. तुझ्या भुवया म्हणतायत."

"सुलभा, मी मे महिन्यातच तो ठिपका पाहिला होता. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. शेरा लिहिला आणि मोकळा झालो. म्हणजे यातही पहिला दोष माझाच."

"दोष वाटून घ्यायची ही पहिलीच भावंडं पाहतोय मी," प्रल्हाद म्हणाले. "एकानं शिक्का मारला, दुसरीनं कुंकू लावलं. पोरीचं त्या कागदाशी लग्नच लावून टाकलंत की!" यावर सगळ्यात जास्त पद्मिनी हसली. सुलभाही हसली, पण त्या रात्री तिनं देवघरातला कुंकवाचा करंडा उचलून वरच्या फळीवर ठेवला, कागदांच्या ड्रॉवरपासून लांब.

पाकीट मंगळवारी, १४ जुलैला सकाळी अकरा वीसला विद्यापीठाच्या कार्यालयात पोचलं. पंधराला अवघा एक दिवस उरला होता. कुरिअरवाल्यानं फोनवर तसं सांगितल्यावर उंब्रजकरांनी त्याच्याकडून वेळ दोनदा वदवून घेतली. पुढचे दोन आठवडे ते सकाळी दहा पस्तीसऐवजी सव्वादहालाच खिडकीशी उभे राहू लागले. पद्मिनी दुपारी गावच्या ग्रंथालयात काम करी. सकाळी ती स्वयंपाकघरात जर्मन वाक्यं मोठ्यानं म्हणे आणि उंब्रजकर खिडकीतून तिचे उच्चार दुरुस्त करत. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण संस्कृत येत होतं, आणि तेवढं पुरतं असं त्यांचं मत होतं. राजीवची पुस्तकं एव्हाना घरी आली होती. खोक्यातच होती.

बुधवारी, २९ जुलैला पत्र आलं. पद्मिनीनं उभ्यानंच वाचून दाखवलं. सहा प्रती स्वीकारण्यात आल्या आहेत. सातव्या प्रतीवरील शेऱ्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. प्रकरण प्रवेश समितीकडे सोपवलं आहे. समितीची बैठक गुरुवार, ६ ऑगस्ट रोजी होईल.

"प्रकरण वर गेलं," उंब्रजकर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात हजारदा गेलं असेल. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

तहाची मुदत ३१ तारखेची होती. संध्याकाळी प्रल्हाद गाडीतून उतरताच पद्मिनी समोर गेली. ती काही बोलायच्या आत त्यांनी पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून तिला परत दिलं.

"बाबा, डील इज डील, आय नो. पण..."

"सहा प्रती पास झाल्या?"

"हो."

"मीसुद्धा एकदा साताऱ्याला तुझ्या मामाकडे कागद घेऊन गेलो होतो. लग्नाच्या आधी. सहापैकी दोन त्यानं परत पाठवले होते." ते जोडे काढायला बसले. "समितीचं पत्र येईपर्यंत मुदत वाढवली. पण बघ हं, समितीचं. प्राध्यापकांचं नाही."

"लेखी द्या," उंब्रजकर आतून म्हणाले. प्रल्हादांनी दिलं, फ्रिजवर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठीवर, तारखेसह.

शुक्रवारी, ७ ऑगस्टला सकाळी साडेनऊला फोन वाजला. तार आली होती आणि तारखात्याची बाई ती फोनवर वाचून दाखवत होती. पद्मिनीनं ती पेन्सिलीनं उतरवून घेतली. तार प्राध्यापकांची होती. ते समितीत नव्हते. त्यांना बाहेरून जे कळलं तेवढंच त्यांनी कळवलं होतं: समिती ठरल्याप्रमाणे बसली. लाल ठिपक्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. निर्णय बंद पाकिटात. पत्र टपालानं निघालं आहे.

"चाळीस मिनिटं," पद्मिनी म्हणाली. "मामा, इज दॅट गुड ऑर बॅड?"

उंब्रजकरांनी विचार केला. नामंजूर करायला पाच मिनिटं पुरतात, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. मंजूर करायलाही पाचच पुरतात, हेही माहीत होतं. त्यांनी तिला दोन्ही सांगितलं.

जर्मनीहून साधं पत्र यायला सहा ते आठ दिवस लागतात. उंब्रजकरांचं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहा दहाचं होतं. पत्र येईपर्यंत दादाला राहता यावं म्हणून सुलभानं विमान कंपनीला फोन लावला, तेव्हा तिला उत्तरासाठी थांबायला सांगण्यात आलं. तिकिटाची तारीख बदलून मिळेल की नाही, हे शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत कळलेलं नव्हतं. बॅग निम्मी भरून झाली होती.